वेढ्याबाहेर

हेल्लेवागच्या भट्टीघरात
किल्ल्यांचा जुडगा खिशात सरळ लोंबत नाही,
एका अंगाला कलतो,
मालकाची चाहूल लागलेल्या कुत्र्यासारखा.
बाबा त्या ओढीला कुत्राच म्हणायचे.
मी सात वर्षांची असताना,
घरच्या माणसांना आत सोडतात त्या दिवशी,
त्यांनी माझ्या तळहातावर सहा क्लिपा ठेवल्या.
सहाही उठून उभ्या राहिल्या, एकमेकींच्या खांद्यावर.
"घाबरू नकोस, सिन्नवे. चावत नाही तो."

एकतीस वर्षं त्यांनी तो पाळला.
आमच्याकडे मनगटी घड्याळ कधी टिकलं नाही.
फ्योर्डातून दुपारची बोट वळताना दिसली
की आई बटाटे चुलीवर चढवायची.

आता मोजण्याचं काम माझ्याकडे आहे.
चार लाख वीस हजार अँपिअर,
माणसाच्या कमरेएवढ्या जाड पट्टीतून.
त्याला हात लावून विचारता येत नाही,
बाबा रे, किती आहेस.
म्हणून काचेचा धागा घ्यायचा,
केसाहून थोडा जाड,
पट्टीभोवती चार वेढे द्यायचे
आणि आत प्रकाश सोडायचा.

काच चुंबकाला भुलत नाही.
तिच्या आत प्रकाश मात्र
खांदे सरळ ठेवून निघतो
आणि पोचतो तेव्हा खांदे किंचित फिरलेले असतात.
वाटेत कुणी धक्का दिलेला नसतो.
नुसता शेजारून गेलेला असतो.
ते किंचित म्हणजेच आमचा आकडा.

गुन्वोरने पहिल्याच आठवड्यात बजावलं:
वेढा पुरता बंद कर.
बोटभर फट राहिली
की शेजारच्या ओळीची कुरबुर मापात शिरते.
बंद असला तर आतून जाईल तेवढंच खरं,
बाहेर डोंगराएवढं काही उभं असू दे,
बेरजेत शून्य.

मार्चमध्ये बाबांच्या छातीत यंत्र बसवलं,
काड्यापेटीहून लहान.
फाटकावर पाटी होतीच,
हृदयाचं चित्र, त्यावर आडवी लाल रेघ.
ती रेघ पुसट झाली तेव्हा
दोनदा रंग त्यांनीच दिला होता.

हल्ली ते बसथांब्याच्या आडोशाला येऊन उभे राहतात,
थर्मास घेऊन, पाळी सुटायच्या आधी वीस मिनिटं.
सिगबिर्न पहारेकरी हाक मारतो,
हालवर, केबिनमध्ये ये की, इथवर काही धोका नाही.
"नको. त्याला वास लागेल माझा."
त्या वीस मिनिटांत
मी पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसते.
शेवटचा अंकसुद्धा हलत नाही.
हलू नये, असंच तर बांधलंय मी.

बाहेर आले की पहिला प्रश्न: किती होता?
चार वीस.
आणि सतरा नंबर?
खोकतेय जरा.
"तिला खालून ढोसावं लागतं," ते म्हणतात,
"पोरांना कुणी सांगितलं नसेल."
सांगितलेलं आहे. मी गप्प राहते.

एक गोष्ट गुन्वोरने फार उशिरा सांगितली.
धाग्याच्या शेवटी इवलासा आरसा असतो,
प्रकाश तिथून आल्या वाटेने माघारी फिरतो.
मला वाटायचं, जाताना पडलेला पीळ
येताना सुटत असेल, दोरीचा सुटतो तसा.
सुटत नाही.
तेवढाच आणखी पडतो.

आम्ही बर्फ टाळत किनाऱ्याच्या रस्त्याने घरी निघतो.
बाबांच्या खिशात किल्ल्या आता सरळ लोंबतात.
बाबाच चालताना एका अंगाला कलतात,
भट्टीघराच्या बाजूला.